समोरच्या भिंतीचे शंभर

मला वाटलं होतं, एक अंधारी खोली असेल. पदर नाकाला लावून, वाकून, काठीने ड्रम ढवळणाऱ्या खोकणाऱ्या बायका असतील, आणि मी यंत्र घेऊन आत शिरले की त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. आता हसू येतं, पण चार वर्षं नेदरलँड्समध्ये शिकताना मी हेच चित्र उराशी धरून होते. परत जायचं, आपल्या जिल्ह्यात जायचं, आणि कोणाची तरी पाठ सरळ करायची.

सापडलं ते असं: दिग्रस-दारव्हा रस्त्यापासून थोडं आत, पळसांच्या मागे, चुन्याने पांढरं केलेलं एक लांबट शेड. दोन्ही बाजूंना खिडक्या, भरपूर उजेड. आणि आत जमिनीवर भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसलेली साठीची एक बाई, घोट्यांत जाड चांदीच्या कड्या. तिने मला खालून वर पाहिलं.

"तूच का व ते हॉलंडवाली?" ती म्हणाली. "मले वाटलं गोरी असशील."

ही नंदाबाई. जवळच्या तांड्यावरची. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. तिने मला गूळ-शेंगदाणे दिले आणि यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय, पाळणा होय?"

तेव्हापासून यंत्राचं नाव पाळणाच पडलं.

पुढचं सांगण्याआधी या बायकांच्या गटाचं काम समजावून सांगते, नाहीतर त्या संध्याकाळी मी काय पाहिलं ते कळणार नाही. आम्ही निंबोळीचं तेल घेतो, ते पाण्यात मिसळावं म्हणून त्यात रिठ्याचा अर्क घालतो, आणि दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये भरतो. शेतकरी ते पाण्यात कालवून हरभऱ्यावर फवारतात, घाटेअळी पडायच्या आत. अडचण एकच. ड्रम पडून राहिला की आतला माल फाटतो. तेल वर, रिठ्याचं पाणी खाली. थंडीत तर तेल तुपासारखं थिजतं. म्हणून गाडीत चढवण्याआधी प्रत्येक ड्रम नीट हलवून आतलं एकजीव करावं लागतं.

मागच्या वर्षी एक ड्रम न हलवताच गाडीत गेला होता. महागावकडच्या पाच-सहा शेतांत वरचं नुसतं तेल फवारलं गेलं आणि पानं करपली. लोकांना वाटलं, वाटेत भेसळ झाली. तेव्हा गटाने शब्द दिला: यंदा ड्रम भरताना तुमचा माणूस हजर राहील, झाकणाला सील लागेल, आणि ते सील तुमच्याच गावात, तुमच्या डोळ्यांदेखत तुटेल. म्हणजे भरल्यावर काठी आत घालणं संपलं. जे मिसळायचं ते बंद ड्रमच्या आतच, बाहेरून. आणि यंदाही पानं करपली तर पुढच्या वर्षी गट राहणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौदा बायकांचं काम होतं ते.

बंद ड्रम हलवायची या बायकांची रीत सहा वर्षांपासूनची. शेड अरुंद आहे, भिंत ते भिंत चौदा फूट. नंदाबाई अलीकडच्या भिंतीला पाठ लावून बसायची. समोर, पलीकडच्या भिंतीला, रुखमाबाई. दोघींच्या मध्ये आडवा ड्रम. ही पायांच्या तळव्यांनी लोटायची, ती तळव्यांवर झेलायची, श्वासभर धरायची, परत लोटायची. सकाळी एकीने "जय भीम, नंदे" म्हणायचं, दुसरीने "जय सेवालाल, रुखमे", आणि मग दिवसभर ड्रम आणि टवाळी दोन्ही इकडून तिकडे. मी हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. रुखमाबाई पोळ्याच्या आठवड्यात वारली. दोन दिवसांचा ताप.

"सहा वर्सं मले तळपाय दाखवले तिनं," नंदाबाई म्हणाली. "अन् जाताना तोंड बी नाही दाखवलं. मी बहिनीकडे गेलतो, पुसदले. आलो त सारं होऊन गेलं होतं."

"तेव्हापासून समोर कोण बसतं?"

"कोनी नाही."

"मी बसू?"

"नोको."

"अहो, यंत्राचा हिशेब करायचाय, एकदा लोटून तर—"

"नोको म्हटलं ना, पोरी. ते तिची जागा हाय."

मी हट्ट केला नाही. तिच्याच भिंतीशी बसले आणि तिला विचारून विचारून वहीत लिहून घेतलं. हा माझा पाळणा म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यावर चार रबरी रूळ, खाली गियरची मोटर, मागे दोन चाकं आणि ओढायला दांडा. ड्रम जिथे पडला आहे तिथे तो न्यायचा, पहारीने ड्रम रुळांवर चढवायचा, बटण दाबायचं. ड्रम जागच्या जागी फिरतो. एकटी बाई चालवू शकते, गुडघे दुखत नाहीत, सील शाबूत राहतं. माझा आराखडा घेऊन दिग्रसच्या अतुलभाऊंनी त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात तो बनवला होता. किती फिरवायचा, एवढंच ठरवायचं होतं.

"एका ड्रमले किती वेळा लोटत होतीस, मावशी?" मी माझी मोडकी वऱ्हाडी काढली.

"पाच वीस."

"म्हणजे शंभर?"

"तुमच्या शाळेत शंभर म्हनत असतीन. पाच वीस. दर विसाले एक गोटा."

दोघींच्या तळव्यांमध्ये ड्रमला सरकायला सहा फूट जागा उरायची. ड्रमचा घेरही सहा फूट. म्हणजे एका लोटण्यात बरोबर एक फेरा. शंभर लोटणी, शंभर फेरे. पाळणा मिनिटाला दहा फेरे देतो. वहीत चौकोन आखून मी लिहिलं: दहा मिनिटं. तेव्हा इतका आनंद झाला, काय सांगू! सहा वर्षांचं दोन बायकांचं शहाणपण मी एका आकड्यात आणलं होतं. नुकत्याच भरलेल्या ड्रमवर सगळ्या बायकांसमोर चाचणीही केली. चमचाभर माल पेल्यातल्या पाण्यात टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताज्या मालाला मुळात फारसं हलवावंच लागत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

त्यानंतर महिनाभर अकरा सीलबंद ड्रम थंडीत पडून होते.

डिसेंबरातला तो दिवस. महागावकडचा हरभरा फुलावर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाबुलालचा टेम्पो येणार होता. मी आणि नंदाबाईने दुपारी काम धरलं. पाळण्यावर ड्रम चढवायचा, दहा मिनिटं, उतरवायचा, रांगेत आडवा ठेवायचा, दोन्ही बाजूंनी विटा लावायच्या. लोखंडावर रबराचा एकसुरी घरघराट. निंबोळीचा वास, लसूण जळल्यासारखा, नाकात बसणारा. मला तो वास आता आवडतो. ड्रमच्या पोटात माल वळताना घळघळ ऐकू येते, आणि पहिली दोन मिनिटं थिजलेल्या गोळ्यांचे धप्प धप्प आवाज.

नंदाबाई पाळण्याकडे बघत भिंतीशी बसली होती.

"एकाच बाजूले फिरते हा," ती म्हणाली.

"हो."

"थांबत नाही मधी."

"थांबायचं कशाला?"

"आम्ही थांबत होतो ना व. झेलला का थोडा धरायचा. मंग माल आत परततो." तिने हाताने लाट परतल्यासारखं केलं. "अन् तेवढ्यात एखादी गोष्ट बी सांगून होते."

साडेपाचला ती उठली. अंधाराआधी तिला तांड्यावर पोचायचं होतं. "येतो मी. दोनच राह्यले, तू करशीन ना? भेव त नाही वाटत?"

"कशाची भीती?"

"साप गिप," ती म्हणाली, आणि चपला घालून गेली.

उरलेले दोन मी एकटीने केले. अकरावा ड्रम रांगेत सारून शेवटची वीट लावली आणि वीज गेली. सव्वासहा झाले असतील. पळसांच्या मागे अजून थोडी तांबूस रेघ होती. मी दाराच्या उंबऱ्यावर बसले, थर्मासमधला उरलेला चहा ओतला. दूर कुठेतरी तुरीच्या शेतात कोणी शेकोटी पेटवली होती. माझ्या पाठीमागे अकरा ड्रम, सगळे तयार, एकही सील न तुटलेलं. मी फार सुखात होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते घाबरलेल्या, थकलेल्या मनाचे खेळ नव्हते.

चहाचा दुसरा घोट घेतला तेव्हा पाठीमागून आवाज आला.

घर्रर्र…

एक सावकाश, जड आवाज. मग अगदी मऊ थांबणं. मग काही नाही.

वीट सरकली असेल, ड्रम घरंगळला असेल. मी मोबाइलचा उजेड पाडून आत गेले. रांगेत दहा ड्रम होते. चार नंबरचा, झाकणावर खडूने मीच आकडा घातला होता, शेडच्या मधल्या मोकळ्या जागेत आडवा पडला होता. नंदाबाई बसते त्या भिंतीपासून तीन फुटांवर. त्याच्या दोन्ही विटा रांगेतल्या त्याच्या रिकाम्या जागेत होत्या. सरकलेल्या नव्हत्या. एकावर एक रचलेल्या होत्या.

मी मनाशी म्हटलं, मीच रचल्या असतील. फरशीला उतार असेल. पण फरशी मी स्वतः पाणसळ लावून तपासली होती, यंत्रासाठी. उतार नव्हता.

ड्रम परत रांगेत न्यायला हवा होता. मोबाइल खिडकीत ठेवला, ड्रमच्या मागे उभी राहिले आणि पायाने त्याला पलीकडे ढकललं. दोनशे किलोचा ऐवज, पण गोल. हलक्या धक्क्याने चालू लागला. घर्रर्र… पलीकडच्या भिंतीकडे. आता तो भिंतीवर आदळणार, झाकण चेपणार, सील फुटणार, असं वाटलं.

तो आदळला नाही. भिंतीच्या तीन फूट आधी थांबला. दगडावर अडावं तसा नाही. गादीवर यावं तसा, थोडा दबून.

श्वासभर तिथे राहिला.

आणि परत येऊ लागला.

मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागली आणि मी तशीच घसरत खाली बसले, पाय पुढे पसरून. ड्रम येत होता. अंधारात त्याची कड दिसत होती, मोबाइलच्या उजेडात एकदा चमकायची, मग बुडायची. मी डोळे मिटले.

तो माझ्या तळव्यांना लागला. हळूच. आणि थांबला.

तुम्हाला कसं सांगू… तो थंड असायला हवा होता. डिसेंबरातलं लोखंड होतं ते. तो कोमट होता. जिथे माझे तळवे टेकले होते तेवढीच जागा नाही, त्याच्या दुसऱ्या कडेलाही. मी नंतर हात लावून पाहिलं. आत माल परतत होता, घळघळ… घळ. मग तोही आवाज शांत झाला. ड्रम माझ्या पायांशी वाट बघत राहिला.

"कोण…?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

समोरच्या भिंतीशी काही नव्हतं. चुना होता, अंधार होता. वास मात्र निंबोळीचाच, दुसरा कसलाच नाही.

मी लोटला. का लोटला, मला सांगता येणार नाही. कोणी वाट बघत असेल तर आपण तसंच बसून राहायचं नसतं, एवढंच मनात आलं.

घर्रर्र… मऊ थांबणं… श्वास… घर्रर्र.

तो परत आला. मी लोटला. परत आला. दहाव्या-बाराव्या वेळेनंतर माझी छाती धडधडायची थांबली. आधीचे धरून मी मोजू लागले. मोजल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट करता येत नाही. मी माझे नाही, पलीकडून येणारे मोजत होते. त्या थांबण्यात एक लय होती. पलीकडचं कोणी घाई करत नव्हतं, आणि मला चुकायचीही मुभा देत होतं. एकदा माझा पाय वाकडा लागला, ड्रम तिरपा गेला. तिकडून परत आला तो अगदी सरळ होऊन. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला फार बरं वाटत होतं. परदेशातून आल्यापासून पहिल्यांदा मी या शेडमध्ये कोणाला काही शिकवत नव्हते.

शंभरावा आला. मी लोटला. तो पलीकडे गेला, मऊ थांबला, आणि आलाच नाही.

मी वाट बघितली. बऱ्याच वेळाने वीज आली. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून पेटली. ड्रम पलीकडच्या भिंतीपासून तीन फुटांवर होता, सील शाबूत. मी तो तिथून हलवला नाही. पाळण्याचं बटण दाबून पाहिलं, तर मोटर नुसतीच गुणगुणली, फिरली नाही. वीज जाता-येता काहीतरी बिघडलं होतं. अतुलभाऊंना फोन केला, सकाळी सातला या म्हणून सांगितलं, कुलूप घातलं आणि आठच्या सुमाराला गावातल्या माझ्या खोलीवर आले. जेवले. झोपले. खोटं वाटेल, पण गाढ झोपले.

सकाळी धुकं होतं. मी पोचले तेव्हा अतुलभाऊ दारात उभे, आणि नंदाबाई पायरीवर बसून त्यांना चिडवत होती.

"पाळणा बंद पडला म्हने तुहा. लेकरू जड झालं असन."

"मावशी, लेकरू तुमचं हाय, मी त नुसता पाळणाच बनवला."

कुलूप काढलं. अतुलभाऊ पाळण्याखाली वाकले. स्टार्टरमधली एक तार ढिली झाली होती. नंदाबाई आत आली, आणि पलीकडच्या भिंतीजवळचा चार नंबरचा ड्रम पाहून थांबली. मी तिच्या जवळ गेले.

"मावशी, तू लोटायचीस ते पाच वीस. ते कसे मोजायचीस?"

"कसे म्हनजे? लोटला का एक."

"आणि रुखमाबाई लोटायची तो?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विचारलं की सूर्य कुठून उगवतो. "तो तिचा. तिचे ते मोजत होती. माहे पाच वीस, तिचे पाच वीस. दुसऱ्याचं काम आपुन कायले मोजाव?"

शंभर नव्हते, दोनशे होते. सहा वर्षं प्रत्येक ड्रम दोनशे फेरे फिरत होता, आणि मी अकराही ड्रम अर्धेच फिरवले होते. यंत्र बरोबर होतं, गणित बरोबर होतं. मी फक्त एकाच भिंतीला विचारलं होतं.

"काय झालं व?" नंदाबाई म्हणाली. "पांढरी पडली तू."

मी तिला सगळं सांगितलं. अतुलभाऊ पाळण्याखाली खटपट करत होते, म्हणून हळू आवाजात. विटा, तीन फूट, शंभर. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मला वाटलं ती घाबरेल किंवा रडेल.

"माह्याकडे नाही आली," ती म्हणाली. "चार महिने बसून राह्यलो मी येथी. अन् तुह्याकडे आली."

"मी तुझ्या जागेवर बसले होते, मावशी."

तिने त्यावर विचार केला. मग विचारलं, "तळवे गरम होते का तिचे?"

"तळवे नाही दिसले. ड्रम कोमट होता."

"गरमच राह्यत होते तिचे पाय," ती म्हणाली. "हिवाळ्यात बी." आणि ती थोडीशी हसली.

बाहेर हॉर्न वाजला. बाबुलालचा टेम्पो धुक्यातून आत वळला. त्याने काच खाली केली. "चला ताई, चढवा! महागाववाले सहा वाजल्यापासून फोन करून राह्यले. बावीस-पंचवीस जन पंप घेऊन बसले तेथी."

आता वेळ नव्हता. मी एक नंबरचा ड्रम घेतला आणि पकडीने त्याचं सील तोडलं. बुचातून काचेची नळी घालून वरचा माल काढला, पेल्यातल्या पाण्यात सोडला. पाणी पांढरं झालं नाही. वर पिवळे, गोल, चमकणारे तेलाचे थेंब तरंगत राहिले. मागच्या वर्षी पानं करपली ती अशीच करपली होती.

"अव माय," नंदाबाई म्हणाली.

मी बाहेर गेले आणि बाबुलालला सांगितलं की गाडी दुपारी तीनला निघेल.

"तीन? ताई, ते लोक मले फाडून खातीन."

"तुम्हाला नाही, मला खातील. मी गाडीत बसून येणार आहे. चूक माझी आहे, सांगायचंही मलाच आहे. या ड्रमचं सील का तुटलं, तेही मीच सांगेन."

"आनखी काय सांगशीन?" बाबुलाल डोळे बारीक करून म्हणाला.

"की मी अर्धंच मोजलं."

त्याने गाडी बंद केली आणि बिडी पेटवली. मला वाटतं त्याला ते आवडलं असावं.

चार नंबर सोडून दहा ड्रम, प्रत्येकाला आणखी शंभर फेरे. जमण्यासारखं होतं. अतुलभाऊंनी तार आवळली. दोन नंबरचा ड्रम आम्ही तिघांनी मिळून पाळण्यावर चढवला. काठोकाठ भरलेला, पहार वाकत होती. मी बटण दाबलं. ड्रम फिरू लागला. बाहेर धुकं विरत होतं, खिडकीतून कोवळं ऊन पलीकडच्या भिंतीवर आलं होतं. नंदाबाई आपल्या जागेवर जाऊन बसली, पाय पसरून, रिकाम्या जमिनीकडे तोंड करून.

अतुलभाऊंनी मोटर किती वीज खाते ते बघायला तारेला टाँग टेस्टर लावला आणि कपाळाला आठी घातली. तो काढून परत लावला.

"ताई, हे काय होऊन राह्यलं?"

"काय झालं?"

"भरल्या ड्रमवर हे मोटर अडीच अँपिअर खाते. मीच पाह्यलं होतं, दुकानात. रिकामी चालली त एक." त्यांनी आकडा माझ्याकडे वळवला. "हे पाहा. एक."

मी ड्रमकडे पाहिलं. दोनशे लिटर. आत घळघळ ऐकू येत होती. रूळ फिरत होते, पण ड्रमचा भार त्यांच्यावर पडल्यासारखा दिसत नव्हता. रबर दबलेलं नव्हतं. आणि मग मला दिसलं की दर फेऱ्याला, एका ठरावीक जागी, ड्रम श्वासभर रेंगाळत होता. मोटर मात्र न अडखळता चालू होती.

नंदाबाई समोर बघत होती. तिच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं. मोजणी नव्हती, कोणाला तरी गोष्ट सांगावी तसं.

अतुलभाऊंनी पाना उचलला. "थांबवा. मोटर खोलून पाहतो."

मी इंजिनिअर आहे. आकडा चुकीचा दिसला की यंत्र खोलायचं, हे मला चार वर्षं शिकवलं होतं. मी त्यांच्या हातातून पाना घेतला आणि खिडकीत ठेवला.

"नका खोलू, अतुलभाऊ," मी म्हटलं. "चालू द्या. अजून नऊ राहिलेत."